बारा अंशांच्या खाली

मानवजातीचा सगळा इतिहास हा उबेच्या शोधाचा इतिहास आहे. गुहेतल्या पहिल्या माणसानं गारगोटीवर गारगोटी आपटली त्या दिवसापासून ते आजच्या अजस्र वीजकेंद्रांपर्यंत माणूस एकाच दिशेनं चालत आला आहे, आणि ती दिशा थंडीकडून उबेकडे जाते. या हजारो वर्षांच्या वाटचालीत त्यानं एकदाही मागं वळून पाहिलेलं नाही.

तिसऱ्या मजल्यावरच्या, उत्तरेच्या कोपऱ्यातल्या बिऱ्हाडानं त्या गुरुवारी सकाळी सात वाजता खिडकी उघडली.

वाऱ्यानं ती आपटू नये म्हणून फटीत जुनी चप्पल कोंबली. मग स्वयंपाकघराची खिडकी उघडली, म्हणजे वारा एकीकडून येईल, दुसरीकडून जाईल आणि जाता जाता घरात साठलेली ऊब घेऊन जाईल. बाहेर नळाच्या तोटीला बोटभर बर्फ लोंबत होता. खालून जाणारी माणसं तोंडातून वाफ सोडत वर बघत होती. एवढ्या थंडीत कुणी खिडकी उघडली म्हणजे घरात काहीतरी जळालं असणार, असा त्यांनी अंदाज बांधला आणि ती आपल्या कामाला गेली.

घरात माणसं तीन. मुलगा मासे साठवायच्या शीतगोदामात हमाल होता. तिथे उणे अठरा अंशांत काम, म्हणून गोदाम जाडजूड कोट द्यायचं आणि पाळी संपली की दारावरच काढून घ्यायचं. त्यामुळे त्याला खरी थंडी वाजायची ती घरी आल्यावर. सून कोपऱ्यावरच्या बेकरीत कणीक मळायची. पहाटेपासून भट्टीशेजारी घामानं निथळायची आणि तोच घाम अंगावर गार करत जिने चढायची. नवराबायकोच्या नोकऱ्यांची सरासरी काढली असती तर हवामान उत्तम निघालं असतं.

तिसरे म्हणजे सासरे. अडतीस वर्षं त्यांनी मोठ्या इस्पितळाचा बॉयलर सांभाळला होता. इमारतीत सगळे त्यांना फोरमन म्हणत. फोरमन ते कधीच झाले नाहीत, पण बढती द्यायला इमारतीचं काही जात नव्हतं. निरोपाच्या दिवशी त्यांना बॉयलरचं जुनं तापमापक भेट मिळालं होतं, पितळी, ताटलीएवढं. ते भिंतीवर टांगलेलं होतं. त्यातले आकडे चाळीस अंशांपासून सुरू होत असल्यामुळे गेली नऊ वर्षं काटा तळाशी आडवा पडला होता.

दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात फोरमनची छाती भरली. गेल्या हिवाळ्यात पुन्हा भरली. दोन्ही वेळा ते त्याच इस्पितळात पडून राहिले आणि अडतीस वर्षं दिलेल्या उबेतली थोडीशी परत घेऊन आले. दुसऱ्या वेळी डॉक्टरीणबाईंनी सुनेला बाजूला घेऊन सांगितलं होतं की यांची खोली अठरा अंशांच्या खाली जाता कामा नये. गेली तर तिसऱ्यांदा इस्पितळात आणायची वेळ कदाचित यायची नाही. सुनेला आधी वाटलं, बाई धीर देताहेत. जिना उतरताना अर्थ लागला.

खोली चौदाच्या वर जात नव्हती. भिंत बाहेरून वारा खायची आणि आतून घाम गाळायची. हीटर होता, दोन कांड्यांचा, त्यातली एक कांडी पेटायची. त्यातही मजल्यावरच्या चार बिऱ्हाडांत मिळून एकच फ्यूज. दोन मोठी यंत्रं एकदम लागली की तो उडायचा, म्हणून सगळे पाळीपाळीनं जगत. कुणाची शेगडी, मग कुणाची इस्त्री, मग कुणाचा हीटर. जिन्यात एकमेकांना भेटले की लोक तब्येत विचारायच्या आधी विचारत, तुमचं बंद झालं का?

अशा घरांसाठी सरकारनं ऊब योजना काढली होती. योजनेत भिंतीला आतून जाड अस्तर मिळे, खिडकीला दुहेरी काच मिळे आणि स्वतंत्र वायरीवर नवा हीटर मिळे. फोरमनच्या नावानं अर्ज भरलेला होता. अट एकच होती. तपासनीस येईल तेव्हा खोली बारा अंशांच्या खाली असली पाहिजे.

खोली चौदाची. म्हणजे घर गरीब होतं यात वाद नव्हता, पण गरिबीत दोन अंश कमी पडत होते.

त्यातली जोखीम समोरच्या मावशींनी समजावून सांगितली. मावशी शिवणकाम करायच्या, एकट्या राहायच्या, आणि त्यांच्या दारातून गेल्याशिवाय या मजल्यावर कोणतीही बातमी पुढे सरकत नसे. मागच्या वर्षी त्यांनीही अर्ज केला होता. साहेब घरी येणार म्हणून त्यांनी हौसेनं सगळे पडदे काढून इस्त्री केले, टेबलावरचं कापडही केलं. साहेब आले, यंत्र ठेवलं, यंत्र म्हणालं साडेबारा. इस्त्रीनं खोली तापली होती. त्यांच्या अर्जावर शिक्का पडला, "ऊबसंपन्न". तो कागद मावशींनी जपून ठेवला होता आणि सगळा हिवाळा तो मांडीवर घेऊन त्या कुडकुडत बसल्या होत्या.

तेव्हा त्यांचं म्हणणं असं की चूक फक्त वरच्या बाजूला होते, खालच्या बाजूला कधी होत नाही. घर जितकं गार तितकं बरं. हीटर आदल्या संध्याकाळीच बंद करून कॉटखाली ढकलायचा. शेगडी पेटवायची नाही. शेजारपाजाऱ्यांनी आत यायचं नाही, कारण एकेक माणूस म्हणजे एकेक शेगडी. आणि फोरमननी तीन स्वेटर घालून बसायचं नाही. योजनेच्या पत्रकात स्पष्ट छापलं होतं, अर्जदार नेहमीच्या जागी, नेहमीच्या कपड्यांत हजर असावा. तीन स्वेटर बघून साहेब म्हणायचे, यांच्याकडे तर आहे की सगळं.

सुनेनं विचारलं, साहेब येणार किती वाजता? तेही पत्रकात होतं. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहाच्या दरम्यान.

एक दिवसाचा प्रश्न आहे, असं रात्री नवराबायकोनं ठरवलं. एक दिवस थंडी सोसली तर पुढचे सगळे हिवाळे सुटतील. त्यानं सकाळी निघताना वडिलांच्या पायांवर रजई टाकली आणि बायकोला म्हणाला, लक्ष ठेव. तिनं बेकरीतून सुट्टी घेतली होती.

फोरमनना मात्र हे सोसणं वगैरे शब्द पसंत नव्हते. त्यांना हे काम वाटलं, आणि नऊ वर्षांनी हाताला काम आलं होतं. जन्मभर तापमान चढवलं, आता उतरवायचं, एवढाच फरक. सून बेकरीतून कणकेत खुपसायचा थर्मामीटर मागून घेऊन आली होती. तो त्यांनी टेबलावर पेल्यात उभा केला. पेटीतून एक कोरं रजिस्टर काढलं, इस्पितळातून येताना सोबत आलेलं, आणि पट्टीनं तीन रकाने आखले. वेळ, अंश, शेरा. मग खिडकीकडे तोंड करून खुर्चीत बसले.

नऊ वाजता लिहिलं, साडेतेरा, शेरा असमाधानकारक. दहाला साडेबारा, खिडकी आणखी वीतभर उघडण्यात आली. अकराला पावणेबारा, हद्द ओलांडली, सर्वांना कळवले.

सर्वांना म्हणजे सुनेला. ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर काखेत हात घालून बसली होती. तिनं मान डोलावली आणि तिच्या मनात आलं, आता साहेब आले पाहिजेत. आत्ता, या मिनिटाला आले पाहिजेत.

साहेब आले नाहीत. बाराच्या सुमाराला मावशींनी दारातूनच, आत पाऊल न टाकता, आणखी एक मुद्दा मांडला. मागच्या वर्षीचे साहेब देहानं भरलेले होते. तसला माणूस वीस मिनिटं खोलीत उभा राहिला तर पाऊण अंश सहज चढेल. तेव्हा साहेबांची सोय धरून दहापर्यंत उतरवलेलं बरं. फोरमननी यावर तज्ज्ञासारखा विचार केला आणि मुद्दा मंजूर केला.

त्यांना थरथर सुटली होती ती साडेअकरापासूनच. आधी हनुवटी, मग खांदे, मग हातातलं पेन. सुनेनं चहाचं विचारलं. ते नको म्हणाले, वाफ धरते, अर्धा अंश जाईल. तिनं मावशींकडे जाऊन बसायला सांगितलं, साहेब दिसले की हाक मारते म्हणाली. तेव्हा ते तिच्याकडे असे बघू लागले की जणू तिनं बॉयलर विकून टाकायला सांगितलं आहे.

"बॉयलरच्या गेजसमोरून माणूस उठला की काय होतं माहीत आहे?" त्यांनी विचारलं.

तिला माहीत नव्हतं.

"काही होत नाही. पण उठायचं नसतं."

एक वाजता दहा. दीडला साडेनऊ. आता दर अर्ध्या तासानं नोंद चालली होती. अक्षर एवढं हलत होतं की शेऱ्याच्या रकान्यात काय लिहिलंय ते लिहिणाऱ्यालाच ठाऊक. त्यांच्या नखांचा रंग बदलला होता. सुनेनं त्यांचे हात चोळले, पायांवरची रजई वर ओढून छातीपर्यंत आणली, आणि त्यांनी ती पुन्हा गुडघ्यांवर ढकलली. नेहमीच्या कपड्यांत, ते म्हणाले. त्यांची जीभ जड झाली होती. तिला वाटलं, रागावलेत.

दर दहा मिनिटांनी तिला वाटायचं, खिडकी लावावी. दर दहा मिनिटांनी तिच्या मनात यायचं, आणि नेमके आत्ता साहेब आले तर? इतक्या वेळ सोसलेलं पाच मिनिटांसाठी वाया घालवायचं? जितका वेळ जात होता तितकं ते वाया घालवणं जड जात होतं. लोक बसच्या रांगेत असेच अडकतात. फक्त रांगेत पुढच्या माणसाची नखं निळी पडत नाहीत.

अडीचच्या सुमाराला थरथर थांबली.

सुनेनं सुटकेचा श्वास सोडला. फोरमन शांत बसले होते, चेहऱ्यावरचा ताण गेला होता, पेन बोटांत नीट धरलेलं होतं. मावशींना तिनं सांगितलं तेव्हा मावशी म्हणाल्या की अंगात मुरली थंडी, आता काही होत नाही, माझंही असंच होतं. मग दोघी आळीपाळीनं जिन्याच्या खिडकीशी उभ्या राहिल्या. तिथून रस्ता दिसायचा.

तीन वाजता सून आत डोकावली. फोरमन गळ्यातला मफलर सोडत होते.

"काय झालं, मामा?"

"उकडतंय."

ती हसली. हसत हसत जिन्यापर्यंत गेली आणि मावशींना म्हणाली, फोरमनना उकडतंय. मावशीही हसल्या, तोंडावर पदर धरून. इमारतीत त्या दिवशी झालेला हा एकमेव विनोद, आणि करणाऱ्यानं तो विनोद म्हणून केला नव्हता.

साहेब आले ते पाच वाजायला वीस मिनिटं कमी असताना. मागच्या वर्षीचेच, देहानं भरलेले, कानाला मऊ टोपी, अंगात ढोपरापर्यंतचा कोट. त्यांच्या कोटाला ताज्या पावाचा वास येत होता. सुनेनं तो वास ओळखला. ती रोज तो अंगावर घेऊन यायची. उशीर झाल्याबद्दल त्यांनी मोकळ्या मनानं माफी मागितली. नोकरीच अशी की दिवसभर बारा अंशांच्या खालच्या घरांतच जावं लागतं, माणूस किती सोसणार? दोनपासून कोपऱ्यावरच्या बेकरीत भट्टीजवळ बसलो होतो, ते म्हणाले. भली माणसं आहेत, स्टूल दिलं बसायला.

मग त्यांनी टेबलावर काडेपेटीपेक्षा थोडं मोठं यंत्र ठेवलं आणि बटण दाबलं. वीस मिनिटं लागतात, त्यांनी सांगितलं. तोवर कोणतंही उपकरण लावायचं नाही, खिडक्यादारं आहेत तशी ठेवायची, बाहेरच्या माणसांनी आत यायचं नाही. यापैकी काही झालं तर नोंद बाद, आणि एका घराला वर्षातून एकच नोंद. यंत्र टुक टुक करू लागलं.

खिडकी उघडी का, हे त्यांनी विचारलं नाही. वर्षानुवर्षं ते अशाच घरांत जात होते, आणि गरिबांना मोकळ्या हवेची आवड असते असं त्यांचं मत झालं होतं.

फोरमन खुर्चीत होते. साहेबांनी नमस्कार केला, त्यांनी मान हलवली, निदान हलल्यासारखी वाटली. वेळ घालवायला साहेबांनी रजिस्टर उचललं आणि पहिल्याच पानावर खूष झाले. अर्जदारानं स्वतः नोंदी ठेवल्याचं त्यांनी आजवर पाहिलं नव्हतं. ते मोठ्यानं वाचू लागले. साडेतेरा, असमाधानकारक. साडेबारा. पावणेबारा, सर्वांना कळवले. वा. दहा. साडेनऊ. दोन वाजता नऊ. पुढचं अक्षर वाचायला त्यांनी वही डोळ्यांजवळ नेली.

"तीन वाजता... दाब सहा. पाणी बरोबर." साहेब हसले. "साडेतीन, दाब सात. वॉर्डांत वाफ सोडली. चार वाजता, खूप गरम. पुढच्या पाळीला सांगणे, मला आता..."

पुढे पेनाची एक रेघ होती. ती पानाच्या कडेपर्यंत गेली होती आणि तिथून खाली उतरली होती.

"गमतीशीर आहेत तुमचे सासरे," साहेब म्हणाले.

सून हसली नाही. ती फोरमनच्या जवळ गेली आणि तिनं त्यांच्या स्वेटरच्या आत हात घातला.

बेकरीत तो थर्मामीटर नव्या बायकांसाठी होता. तिला तो लागत नसे. अकरा वर्षांत तिचा तळवा असा तयार झाला होता की कणकेवर ठेवला की अंशात सांगायचा. चोवीस असेल तर कणीक फुगेल. वीस असेल तर वाट बघावी लागेल. आणि कधी रात्री कुणी चुकून गोळा बाहेरच्या ओट्यावर विसरलं, तर सकाळी हात ठेवताक्षणी तळवा सांगायचा की यात आता काही उरलं नाही, टाकून द्या.

तिनं हात पोटावर ठेवला. मग छातीवर. मग काखेत, जिथे कुणाचंही अंग गरम असतं. हात बाहेर काढून तिनं तो स्वतःच्या गालाला लावला आणि पुन्हा आत घातला, जणू पहिल्यांदा चुकीचं वाचलं असावं.

"मामा," ती म्हणाली. "मामा, इकडे बघा."

फोरमननी बघितलं, पण तिच्याकडे नाही. ते तिच्या खांद्यावरून भिंतीकडे बघत होते आणि अगदी हळू, समाधानानं म्हणाले की काटा चढतोय.

टेबलावरच्या यंत्रात अजून अकरा मिनिटं होती.

साहेबांनाही आता कळलं होतं. ते वाईट माणूस नव्हते. त्यांनी यंत्राकडे पाहिलं, म्हाताऱ्याकडे पाहिलं, आणि मग हातातल्या पत्रकाकडे असं पाहिलं, जणू अशा प्रसंगासाठी त्यात एखादं कलम असेल. कलम नव्हतं. त्यांनी हळूच सांगितलं की हीटर लावला तर नोंद जाईल, आणि पुढची एकदम पुढच्या हिवाळ्यात. सांगणं माझं काम आहे, असंही म्हणाले.

सून त्यांचं बोलणं पुरं होईपर्यंतसुद्धा थांबली नाही. तिनं चप्पल उपटली, खिडकी आपटून लावली, कॉटखालून हीटर ओढून काढला आणि जिन्याकडे तोंड करून मावशींना हाक मारली. ती हाक अशी होती की मजल्यावरची चारही दारं उघडली.

सगळे आत आले. दिवसभर ज्यांना दारात थांबवलं होतं ते सगळे. मावशींनी इस्त्री आणली, अजून तापलेली, आणि आणखी तापावी म्हणून भिंतीतल्या प्लगात खुपसली. पलीकडच्या बिऱ्हाडातली बाई पाणी गरम करायची किटली घेऊन आली. तिच्या सासूनं शेगडी आणली. आयुष्यभर पाळीपाळीनं जगलेली माणसं त्या एका मिनिटात पाळी विसरली. सुनेनं हीटरचं बटण दाबलं, तेव्हाच किटलीचं दबलं, तेव्हाच शेगडीचंही. हीटरची एकुलती एक कांडी क्षणभर नारिंगी झाली.

मग फटकन आवाज झाला आणि मजल्यावरचे सगळे दिवे गेले.

फ्यूजची पेटी तळमजल्यावर कुलपात होती. किल्ली रखवालदाराकडे होती. रखवालदार बाहेर गेला होता. कुणीतरी तरीही खाली पळालं. बाहेर उजेड संपत आला होता. त्या अंधुक खोलीत थोडा वेळ फक्त दोनच आवाज होते. यंत्राची टुकटुक, आणि फोरमनचा श्वास. दोन्हींत टुकटुक जास्त नियमित होती.

"कॉटवर घ्या," सून म्हणाली. "उचला. हळू. आडवं करा."

साहेबांनीच त्यांना उचललं. म्हणाले की वजनच नाही यांना. सून रजईत शिरली आणि पाठीमागून त्यांना धरून राहिली. मावशींनी इस्त्री एका गिऱ्हाइकाच्या अर्धवट शिवलेल्या पँटीत गुंडाळली आणि त्यांच्या पोटाशी ठेवली, मग स्वतः दुसऱ्या बाजूला आडव्या झाल्या. पलीकडची बाई आणि तिची सासू पायथ्याशी बसल्या. आणि साहेब उभे होते. सगळ्यांची नजर एकाच वेळी त्यांच्या कोटाकडे गेली. इमारतीत त्या क्षणी इस्त्रीखालोखाल गरम वस्तू म्हणजे साहेबच होते. दुपारी दोनपासून भट्टीशेजारी भाजलेले.

"काढा," मावशी म्हणाल्या.

त्यांनी कोट काढून रजईवर घातला. मग बूट काढले, कॉटवर चढले, आणि फोरमनचे दोन्ही पाय आपल्या सदऱ्याच्या आत पोटाशी धरून बसले. पाय लागताच त्यांच्या तोंडून आवाज निघाला. इतकी वर्षं थंड घरं मोजली, ते कुणालाच उद्देशून न म्हणता म्हणाले, पण हे कधी हातात धरलं नव्हतं.

मावशींनी झोपल्या झोपल्या फोन लावला. रुग्णवाहिका निघाली आहे, पलीकडचा माणूस म्हणाला. कुठून निघाली आहे ते त्यानं सांगितलं नाही. तोवर झोपू देऊ नका, एवढं मात्र बजावलं.

मग सगळे त्यांना जागं ठेवायला लागले. बॉयलरचं विचारा, सून म्हणाली, बॉयलरचं. पलीकडच्या सासूनं विचारलं, कोळसा कसला घालायचे? साहेबांनी विचारलं, दाब किती? उत्तर नाही. सुनेनं तोंड त्यांच्या कानाशी नेऊन सांगितलं की मामा, पाळी संपलेली नाही, बदलीचा माणूस आलेला नाही, उठायचं नसतं ना? त्यांचा श्वास आत गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. ती मोजत होती. चौदापर्यंत मोजलं तेव्हा तो बाहेर आला.

टेबलावर यंत्र लांबलचक वाजलं. वीस मिनिटं झाली होती.

कुणी हललं नाही. मग सवयीनं साहेबांनी मान वळवली. यंत्राच्या काचेवर हिरवे आकडे उजळले होते. नऊ पूर्णांक आठ. खिडकी लागली होती, सहा माणसं आत होती, एक इस्त्री होती, आणि तरीही नऊ पूर्णांक आठ. दिवे गेल्यामुळे एकही उपकरण प्रत्यक्षात चाललं नव्हतं, आणि खिडकीचं नि माणसांचं कलम साहेबांनी काढलं नाही, ते स्वतःच कॉटवर होते.

"योजनेत बसलंत तुम्ही," साहेब म्हणाले. आपण काय बोललो हे त्यांना बोलल्यावर कळलं. त्यांनी खालच्या आवाजात पुस्ती जोडली की अस्तराचं काम मात्र भिंती सुकल्यावर, म्हणजे हिवाळा संपल्यावर होतं.

सुनेनं ऐकलं की नाही कोण जाणे. तिचा तळवा फोरमनच्या छातीवर होता आणि ती तळव्याचं ऐकत होती. मघापेक्षा बरं होतं की मघासारखंच होतं? तिच्या अकरा वर्षांच्या हातालाही सांगता येत नव्हतं, कारण आता तो हातच गार पडला होता. खालून कुणीतरी ओरडून सांगितलं की रखवालदार सापडत नाहीये. रस्त्यावरून एक गाडी आली, सगळ्यांनी कान टवकारले, आणि ती पुढे निघून गेली.

साहेबांच्या खिशात अर्ज होता. नोंदीनंतर तो जागच्या जागी भरायचा असतो, नाहीतर नोंद ग्राह्य धरत नाहीत. पाय न सोडता त्यांनी तो एका हातानं काढला, टॉर्च दातांत धरला आणि फोरमनच्याच पावलांच्या उंचवट्यावर कागद टेकवून आकडा लिहिला. शेवटचा एक रकाना उरला. तो अर्जदाराला स्वतःला विचारावा लागतो. त्यांनी टॉर्च तोंडातून काढला.

"रागावू नका," ते सुनेला म्हणाले, "पण विचारलं तर निदान जागे राहतील." मग पुढे वाकून, कचेरीत बोलतात तशा स्वच्छ आवाजात त्यांनी विचारलं, "अर्जदाराची आणखी काही मागणी आहे का?"

फोरमनच्या पापण्या हलल्या. ओठ हलले. मावशी त्यांच्या तोंडावर जवळजवळ ओणवल्या. पायथ्याच्या सासूनं हात जोडले. अंधारात पाच माणसं एका म्हाताऱ्याच्या ओठांकडे बघत राहिली.

"मावशी," फोरमन म्हणाले, "कोपर जरा पलीकडे घ्या."